रक्तक्षयावरील लोहपूरक औषधे

लोहपूरक औषधे म्हणजे शरीरातील लोहाची उणीव भरून काढण्यासाठी गोळी, कॅप्सूल, पातळ औषध किंवा थेंब या स्वरूपात पोटात घेतली जाणारी लोहाची संयुगे होत. बोलीभाषेत त्यांना ‘लोहाच्या गोळ्या’ किंवा ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ म्हणतात. यांतील दुसरे नाव काहीसे फसवे आहे. या गोळ्यांनी रक्त वाढते, ते लोहाच्या अभावी घटले असेल तरच. रक्तक्षयाचे कारण दुसरे असल्यास त्यांचा उपयोग होत नाही आणि काही विकारांत अपायही होतो. म्हणून रक्तक्षयाची शंका आल्यास प्रथम रक्ततपासणी, मग कारणाचा शोध आणि त्यानंतर उपचाराच्या मात्रेतील औषध हा क्रम सुरक्षित मानला जातो.

शरीरातील लोह

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारणपणे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन या प्रथिनात असतो. फुप्फुसांतून प्राणवायू उचलून तो सर्व ऊतकांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य हिमोग्लोबिन करते. उरलेल्या लोहापैकी बराचसा भाग यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांत फेरिटिन या स्वरूपात साठविलेला असतो.

तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. जुन्या पेशी मोडल्यावर त्यांतील लोह वाया न जाता नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. त्यामुळे शरीरातून दररोज केवळ १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर पडते आणि तितकेच आतड्यांतून शोषले जाते. जादा झालेले लोह बाहेर टाकण्याचा कोणताही नियंत्रित मार्ग मानवी शरीरात नाही. लोहाचा समतोल राखला जातो तो केवळ शोषणाच्या टप्प्यावर, आणि हे नियमन यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक करते. साठा भरलेला असला किंवा शरीरात दाह असला की हेप्सिडिन वाढते व शोषण घटते. ‘गरज नसली तरी लोह घेतल्याने काय बिघडते’ हा समज चुकीचा ठरतो, तो याच कारणाने.

शंका उत्पन्न करणारी लक्षणे

लवकर थकवा येणे, जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, चक्कर, डोकेदुखी, एकाग्रता न होणे, चेहरा, पापणीची आतील बाजू, जीभ व नखे फिकट दिसणे ही रक्तक्षयाची सर्वसामान्य लक्षणे आहेत. लोहाच्या उणिवेत याखेरीज नखे ठिसूळ होऊन चमच्यासारखी खोलगट होतात, तोंडाचे कोपरे चिरतात, केस गळतात आणि काहींना माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा होते.

ही लक्षणे शंका घेण्यास पुरेशी असली तरी निदानास पुरेशी नाहीत. थायरॉइड ग्रंथीचे विकार, मधुमेह, अपुरी झोप, नैराश्य, हृदयविकार यांतही थकवा व धाप आढळते. उलट, रक्तक्षय हळूहळू वाढला असेल तर शरीर त्याला सरावते आणि हिमोग्लोबिन बरेच उतरलेले असूनही व्यक्ती नेहमीची कामे करीत राहते. केवळ पापण्या पाहून किंवा थकव्यावरून औषध सुरू करणे यासाठीच योग्य नव्हे.

निदान

पहिली तपासणी संपूर्ण रक्तगणनेची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार हिमोग्लोबिन पुढील पातळीपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो (ग्रॅम प्रति डेसिलिटर) :

६ ते २३ महिने वयाची बालके : १०.५
२ ते ५ वर्षांखालील मुले : ११
५ ते ११ वर्षांची मुले : ११.५
१२ ते १४ वर्षांची मुले व मुली : १२
१५ वर्षांवरील गरोदर नसलेल्या स्त्रिया : १२
१५ वर्षांवरील पुरुष : १३
गरोदर स्त्रिया : पहिल्या व तिसऱ्या तिमाहीत ११, दुसऱ्या तिमाहीत १०.५

हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून रक्तक्षय आहे हे कळते. तो का झाला हे कळत नाही. त्यासाठी तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान पाहतात. लोहाच्या उणिवेत पेशी लहान व फिकट होतात, तर ब १२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक आम्ल कमी पडल्यास त्या मोठ्या होतात. दोन्ही प्रकारच्या उणिवा एकत्र असल्या तर आकारमान सर्वसाधारण दिसून फसगत होऊ शकते.

लोहाच्या साठ्याचा अंदाज रक्तातील फेरिटिनवरून येतो. अन्यथा निरोगी प्रौढात फेरिटिन प्रतिलिटर १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास लोहाची उणीव मानली जाते. पाच वर्षांखालील मुलांसाठी ही मर्यादा १२ आहे. मात्र संसर्ग किंवा दाह असताना फेरिटिन वाढते व उणीव झाकली जाते. अशा वेळी जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ७० व लहान मुलांसाठी ३० ही मर्यादा सुचविते.

तपासणीपूर्वी काही दिवस गोळ्या घेतल्या असल्यास रक्तद्रवातील लोहाचे प्रमाण तात्पुरते वाढलेले दिसते व अहवालाचा अर्थ लावणे अवघड होते. म्हणून रक्ताचा नमुना शक्यतो औषध सुरू करण्यापूर्वी द्यावा आणि गोळ्या आधीच घेतल्या असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे.

लोहाच्या उणिवेखेरीज इतर रक्तक्षय

रक्तक्षय हा एकच रोग नसून अनेक रोगांत आढळणारी अवस्था आहे, याचे एक महत्त्वाचे उदाहरण मुंबईत घडले. ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि त्यांनी गरोदर स्त्रियांमधील, विशेषतः कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी मोठ्या आकाराच्या होत्या. यीस्टच्या अर्काने त्यांचा रक्तक्षय बरा होतो, असे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे निष्पन्न झाले. शासकीय गोळीत आज लोहाबरोबर फॉलिक आम्लही असते.

ब १२ जीवनसत्त्वाची उणीव : हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिज अन्नातूनच मिळते. शाकाहारी व्यक्तींत, वृद्धांत आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेहींत त्याची उणीव आढळते. केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही लक्षणे असल्यास ब १२ ची तपासणी आवश्यक ठरते.

थॅलेसिमियाचे वाहकत्व : बीटा थॅलेसिमियाच्या वाहकांत तांबड्या पेशी लोहाच्या उणिवेप्रमाणेच लहान असतात व हिमोग्लोबिन किंचित कमी असते, लोहाचा साठा मात्र पुरेसा असू शकतो. अशा व्यक्तीला ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे लोह दिले तरी आकडा हलत नाही आणि अनावश्यक लोह साठण्याचा धोका राहतो. हिमोग्लोबिनच्या प्रकारांचे पृथक्करण करून हिमोग्लोबिन ए२ चे प्रमाण पाहिल्यास वाहकत्व ओळखता येते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली इत्यादी समाजांत हे वाहकत्व तुलनेने अधिक आढळते. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसिमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून हे निदान कुटुंबाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. वाहक व्यक्तीला लोहाची उणीवही असू शकते. ती तपासणीत सिद्ध झाल्यास तिला लोह देतात.

सिकलसेल आजार : गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत व विदर्भातील काही समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. यातील रक्तक्षय पेशी लवकर मोडल्यामुळे होतो. मोडलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते आणि वारंवार रक्त द्यावे लागल्यास त्यात भर पडते. म्हणून या रुग्णांना उणीव सिद्ध झाल्याशिवाय उपचाराच्या मात्रेत लोह देत नाहीत.

दीर्घकालीन आजार : क्षयरोग, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग इत्यादींत साठ्यातील लोह वापरले जात नाही. अशा वेळी मूळ आजारावरील उपचार मुख्य असतो.

उणिवेच्या कारणाचा शोध

लोहाची उणीव हेही अंतिम निदान नव्हे. मासिक पाळीतील अतिरक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, अंकुशकृमींचा प्रादुर्भाव, मूळव्याध, ॲस्पिरिन व वेदनाशामक गोळ्यांमुळे होणारे जठरातील व्रण, सीलिॲक आजार, जठराची शस्त्रक्रिया आणि अपुरा आहार ही तिची प्रमुख कारणे आहेत.

पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोहाची उणीव आढळल्यास ती पचनमार्गातील छुप्या रक्तस्रावाची खूण असू शकते. जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग कधी कधी केवळ याच खुणेने प्रथम लक्षात येतो. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढते, बरे वाटते आणि निदान मात्र लांबणीवर पडते. या गटात स्वतःहून लोह घेण्याचा सर्वांत मोठा धोका हाच आहे.

औषधांचे प्रकार व मात्रा

फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस ग्लुकोनेट व फेरस ॲस्कॉर्बेट ही प्रचलित संयुगे आहेत. गोळीवर लिहिलेले वजन अनेकदा संपूर्ण संयुगाचे असते. शरीराच्या उपयोगी पडते ते त्यातील मूलद्रव्यरूप लोह. उदाहरणार्थ, निर्जल फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ६५ मिलिग्रॅम लोह असते, तर फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ३५ मिलिग्रॅम. दोन औषधांची तुलना करताना वेष्टनावरील मूलद्रव्यरूप लोहाचा आकडा पाहावा.

प्रौढांच्या उपचारासाठी सामान्यतः दिवसाला ६० ते १२० मिलिग्रॅम मूलद्रव्यरूप लोह देतात. मोठी मात्रा घेतल्याने रक्त त्याच प्रमाणात वेगाने वाढत नाही. लोहाच्या एका मात्रेनंतर हेप्सिडिन सुमारे २४ तास वाढलेले राहते आणि पुढच्या मात्रेचे शोषण घटते. त्यामुळे दिवसातून दोनतीन वेळा घेण्याऐवजी एकच वेळ किंवा एक दिवसाआड गोळी घेण्याचा सल्ला अनेक डॉक्टर देतात. मुलांची मात्रा वजनावरून ठरवावी लागते. प्रौढांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नये.

टॉनिक, बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि लोहभस्म व मंडूरभस्म असलेली आयुर्वेदिक औषधे यांतही लोह असते. एकाच वेळी अनेक औषधे घेतल्यास लोह नकळत दुप्पट होते, म्हणून सर्व औषधांची माहिती डॉक्टरांना द्यावी.

घेण्याची पद्धत

लोहाचे शोषण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होते. गोळी रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर घेतल्यास ते सर्वांत चांगले होते. लिंबाचे सरबत, संत्रे किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्व शोषणास मदत करते. रिकाम्या पोटी मळमळत असल्यास थोड्या अन्नाबरोबर गोळी घ्यावी. शोषण काहीसे कमी होते, पण औषध सोडून देण्यापेक्षा ते बरे.

चहा व कॉफीतील टॅनिन, दूध व कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरील औषधे लोहाचे शोषण रोखतात. सकाळच्या चहाबरोबर गोळी घेण्याची सवय यामुळेच निरुपयोगी ठरते. चहा व दूध यांच्यात आणि गोळीत किमान एक ते दोन तासांचे अंतर असावे. गरोदरपणात लोह व कॅल्शियम या दोन्ही गोळ्या दिल्या जातात. त्या एकत्र न घेता निरनिराळ्या वेळी घ्याव्यात.

लोह काही औषधांचा परिणामही कमी करते. थायरॉइडवरील लिव्होथायरॉक्सिन आणि लोह यांत चार तासांचे अंतर ठेवतात. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके आणि कंपवातावरील लिव्होडोपा घेणाऱ्यांनी गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

पातळ औषधाने दातांवर डाग पडतात. ते नळीने प्यावे किंवा थेंब जिभेच्या मागील भागावर सोडावेत व नंतर चूळ भरावी.

दुष्परिणाम

मळमळ, पोटदुखी, छातीत जळजळ, बद्धकोष्ठ किंवा जुलाब हे दुष्परिणाम सर्रास आढळतात व उपचार अर्धवट सोडण्याचे ते मुख्य कारण असते. अशा वेळी मात्रा कमी करणे, गोळी एक दिवसाआड घेणे, रात्री झोपण्यापूर्वी घेणे किंवा संयुग बदलणे हे पर्याय असतात.

शौचाचा रंग काळपट होणे अपेक्षित असून त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र शौच डांबरासारखे चिकट, चकाकणारे व अतिशय दुर्गंधीयुक्त असल्यास, किंवा त्याबरोबर चक्कर येत असल्यास ते जठरातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.

तीव्र संसर्ग व ताप असताना लोह चालू ठेवावे की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. झांझिबारमधील पेंबा बेटावर झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिवतापाचा प्रादुर्भाव असलेल्या भागात लहान मुलांना सरसकट लोह व फॉलिक आम्ल दिल्याने गंभीर आजार व मृत्यू वाढल्याचे दिसले. त्यामुळे अशा प्रदेशांत लोहाबरोबरच हिवताप प्रतिबंध व उपचाराची सोय असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

परिणाम व कालावधी

उपचार लागू पडत असल्यास पाच ते दहा दिवसांत नव्या तांबड्या पेशींचे प्रमाण वाढते आणि तीन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारणतः १ ते २ ग्रॅमने वर जाते. म्हणून महिनाभराने पुन्हा रक्त तपासतात. वाढ न झाल्यास मात्रा आपणच वाढवू नये. गोळ्या नियमित घेतल्या जात आहेत का, चहा किंवा अन्य औषध आड येते का, रक्तस्राव चालू आहे का आणि मूळ निदान बरोबर आहे का, हे पाहावे लागते.

हिमोग्लोबिन पूर्ववत झाले तरी साठा रिताच असतो. तो भरण्यासाठी औषध आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवतात. बरे वाटू लागताच गोळ्या बंद केल्यास रक्तक्षय पुन्हा उद्भवतो. साठा भरल्यावर मात्र उपचाराची मात्रा थांबवावी.

पोटातून घेतलेले लोह सोसत नसल्यास, शोषले जात नसल्यास किंवा गरोदरपणाच्या अखेरीस रक्तक्षय तीव्र असल्यास रुग्णालयात शिरेतून लोह देतात. जीवावर बेतणाऱ्या अवस्थेत रक्त द्यावे लागते.

लहान मुलांतील विषबाधा

लोहाच्या रंगीत, गोड वेष्टनाच्या गोळ्या मुलांना खाऊसारख्या वाटतात. गरोदर किंवा बाळंत स्त्रीच्या गोळ्या घरात असतात, त्याच काळात तिचे आधीचे मूल एकदोन वर्षांचे असू शकते. त्यामुळे हा धोका घरोघरी संभवतो. शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक लोह पोटात गेल्यास विषबाधेची लक्षणे दिसू शकतात आणि ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक गेल्यास ती प्राणघातक ठरू शकते. दहा किलो वजनाच्या मुलासाठी हे प्रमाण ६० मिलिग्रॅमच्या अवघ्या दहा गोळ्यांत गाठले जाते.

पहिल्या सहा तासांत उलट्या, जुलाब व पोटदुखी होते, कधी त्यात रक्तही असते. त्यानंतर मूल काही तास सावरल्यासारखे दिसते. पण हा काळ फसवा असतो. पुढे रक्तदाब कोसळून यकृत निकामी होऊ शकते. म्हणून मुलाने गोळ्या खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे व गोळ्यांचे पाकीट बरोबर घ्यावे. घरी उलटी करवू नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. गोळ्या मूळ पाकिटात, कुलूपबंद व मुलांच्या हाती न लागेल अशा जागी ठेवाव्यात. त्यांना मुलांसमोर ‘गोळी-चॉकलेट’ म्हणू नये.

शासकीय कार्यक्रम

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया व २५ टक्के पुरुष, तसेच ६ ते ५९ महिने वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण ५४.२ टक्के होते.

भारतात पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या अभियानात प्रतिबंधक मात्रा दिल्या जातात. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक गुलाबी गोळी (४५ मिलिग्रॅम लोह), १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी (६० मिलिग्रॅम) आणि गरोदर स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून दररोज एक लाल गोळी (६० मिलिग्रॅम) १८० दिवस व प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस देतात. सहा महिन्यांवरील बालकांसाठी पातळ औषध असते. शाळा, अंगणवाडी व आशा सेविकांमार्फत हे वाटप होते. जोडीला जंतनाशक गोळी देतात.

तपासणीविना लोह न घेण्याचा नियम उपचाराच्या मात्रेला लागू आहे, या प्रतिबंधक मात्रेला नव्हे. गरोदर स्त्रीने किंवा विद्यार्थ्याने शासकीय गोळ्या भीतीपोटी बंद करू नयेत. थॅलेसिमिया मेजर, सिकलसेल किंवा वारंवार रक्त द्यावे लागणारा अन्य आजार असल्यास मात्र तसे आरोग्यसेविकेला आधी सांगावे.

आहार

मांस, मासे व यकृत यांतील लोह सहज शोषले जाते. डाळी, मोड आलेली कडधान्ये, बाजरी, अळीव, मेथी, राजगिरा व माठ यांसारख्या पालेभाज्या, तीळ आणि खजूर यांतील लोह तुलनेने कमी शोषले जाते. लिंबू, आवळा, पेरू किंवा टोमॅटो यांची जोड दिल्यास शोषण वाढते. मोड आणल्याने व आंबविल्याने धान्य-कडधान्यांतील शोषणरोधक फायटेट कमी होतात. लोखंडी कढईत, विशेषतः आंबट पदार्थ शिजविल्यास, अन्नातील लोह वाढते. गुळातील लोहाचे प्रमाण थोडे व अनिश्चित असते. योग्य आहार उणीव टाळण्यास व ती पुन्हा होऊ न देण्यास आवश्यक आहे. प्रस्थापित रक्तक्षय केवळ आहाराने लवकर भरून निघत नाही.

तातडीच्या वैद्यकीय मदतीची लक्षणे

बसल्याजागी धाप लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे शौच, पाळीत न थांबणारा रक्तस्राव किंवा गरोदरपणात अंगावर सूज व धाप ही लक्षणे असल्यास गोळ्यांवर विसंबून न राहता रुग्णालयात जावे. हिमोग्लोबिन प्रौढांत ८ पेक्षा, तर गरोदर स्त्रिया व पाच वर्षांखालील मुलांत ७ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय तीव्र समजतात आणि त्याचा उपचार वैद्यकीय देखरेखीखालीच होतो.